संगणक आकार कसा शोधतो? गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोठ्या चित्रसंग्रहात नाव किंवा वर्णन न लिहिता ‘असाच आकार दाखव’ असे सांगून शोध घेता येतो. माशांच्या नोंदींपासून ट्रेडमार्कच्या तपासणीपर्यंत हे तंत्र उपयोगी पडते. त्याविषयीचे काही समज मात्र दुरुस्त करायला हवेत.

गैरसमज १ : संगणक चित्रावर चित्र ठेवून जुळवतो.

वस्तुस्थिती : तसे केले तर मासा जरा तिरका असला तरी जुळणी फसेल. म्हणून प्रत्येक आकाराचे आकड्यांत वर्णन करून ठेवतात आणि शोधताना ते आकडेच ताडून पाहतात. इंग्लंडच्या सरे विद्यापीठात फरझीन मोख्तारियन आणि सहकाऱ्यांनी सुमारे ११०० सागरी जीवांच्या आकृत्यांवर हे करून दाखवले. त्यांच्या पद्धतीत माशाची बाह्यरेषा हळूहळू गुळगुळीत करत नेतात. परावरची बारीक खाच लगेच बुजते, शेपटीच्या बेचक्यातली खोल खाच बराच काळ टिकते. कोणती खाच कुठे होती आणि किती टिकली, याची नोंद म्हणजेच त्या आकाराची ओळख. पुढे एमपेग-७ या आंतरराष्ट्रीय मानकाने ही पद्धत स्वीकारली.

गैरसमज २ : बाह्यरेषा मिळाली की आकार मिळाला.

वस्तुस्थिती : वर्तुळातली चांदणी आणि वर्तुळातला त्रिकोण ही दोन चिन्हे बाहेरून सारखीच गोल दिसतात. अशा चिन्हांसाठी एमपेग-७ मध्ये आतल्या भागासह संपूर्ण आकृतीचे वेगळे वर्णन आहे. त्यात ३५ आकडे असतात, प्रत्येकी ४ बिटांचे. म्हणजे एका चिन्हाची ओळख १८ बाइटांत मावते.

गैरसमज ३ : आकार कसाही फिरवला, उलटवला तरी तो एकच मानणे केव्हाही चांगले.

वस्तुस्थिती : मिंग-क्वेई हू यांनी १९६२ साली मांडलेली सात मूल्ये आकृती सरकवली, फिरवली किंवा लहान-मोठी केली तरी बदलत नाहीत. आरशातले प्रतिबिंब घेतले तर पहिली सहा तशीच राहतात, फक्त सातव्याचे चिन्ह उलटते. माशाचे तोंड डावीकडे की उजवीकडे, याने जात बदलत नाही; तिथे सहा मूल्ये पुरतात. पण ३ आणि ६ हे अंक जवळजवळ एकमेकांची प्रतिबिंबे आहेत. तिथे सातवे मूल्य सोडले, तर हिशेबच चुकेल.

गैरसमज ४ : यादीत पहिले आलेले चित्रच बरोबर.

वस्तुस्थिती : या पद्धतींची कसोटी पहिल्या उत्तरावर थांबत नाही. एका प्रसिद्ध चाचणीत ७० प्रकारांच्या प्रत्येकी २० अशा १४०० आकृत्या आहेत. पहिल्या ४० उत्तरांत स्वतःच्या प्रकारातल्या २० पैकी किती सापडल्या, हे मोजतात. २००२ मध्ये बेलोंगी, मलिक आणि पुझिचा यांच्या पद्धतीला त्यात सुमारे ७६.५ टक्के यश मिळाले. तेव्हा ट्रेडमार्क तपासताना पूर्ण यादी डोळ्यांखालून घालायलाच हवी. अंतिम निर्णय परीक्षकाचा असतो.

आकाराचे प्रत्येक वर्णन काही फरक जपते आणि काही सोडून देते. म्हणून पद्धत निवडण्याआधी आपल्या कामात कोणता फरक महत्त्वाचा आहे, हे माणसानेच ठरवावे लागते.