हाताचं ऐकणारा 'स्ट्रीट फायटर'

पहिल्याचं घोडं कुठे अडलं?

कॅपकॉम या जपानी कंपनीचा 'स्ट्रीट फायटर' १९८७ साली आर्केडमध्ये आला. एकट्यानं खेळायचं तर लढवय्या एकच, रियू. जोडीला दुसरा गडी आला की त्याच्या वाट्याला केन, आणि दोघांचे डाव सारखेच. समोर पाच देशांतले दहा प्रतिस्पर्धी, पण त्यांतला एकही आपल्याला घेता येत नसे.

काही मशीनवर ठोसा आणि लाथ यांसाठी दोन मोठे पॅड होते. जितक्या जोरात हाणाल तितका घाव जबर. कल्पना झकास, पण मनगट दुखायचं ते खेळणाऱ्याचं! पुढे सहा बटणं आली: तीन ठोशांची, तीन लाथांची. खरा वैताग वेगळाच होता. 'हादोकेन' हा ऊर्जेचा गोळा फेकायला दांडी खालून पुढे फिरवून ठोसा दाबायचा. हे नीट केलं तरी गोळा सुटेलच, याचा भरवसा नसे.

नवी माणसं

पहिल्याचे कर्ते ताकाशी निशियामा आणि हिरोशी मात्सुमोतो 'एसएनके' या प्रतिस्पर्धी कंपनीत गेले. पुढचा भाग अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा यांनी घडवला. तो आला १९९१ मध्ये.

आठ जण, आठ तऱ्हा

आता निवडायला आठ लढवय्ये. चुन-लीच्या लाथा चपळ; रशियन पहिलवान झँगीफच्या तावडीत सापडलात की संपलंच. प्रत्येकाचा वेग निराळा, पल्ला निराळा. त्यामुळे दोन मित्रांची झुंज हाच खरा खेळ झाला. भारताच्या वाट्याला आला धालसिम: गळ्यात कवट्यांची माळ, रबरासारखे लांबणारे हातपाय, तोंडातून आग, मागे हत्ती. कॅपकॉमला भारत दिसला तो एवढाच! तरी लांबून ठोसा लगावणारा हा योगी खेळायला मोठा मजेशीर.

चुकून सापडलेलं घबाड

डाव सहज सुटावेत म्हणून नव्या चमूनं बटण दाबण्याच्या वेळेत थोडी सवलत दिली. त्यातून भलतंच निघालं. साधा ठोसा मध्येच तोडून विशेष डाव टाकता येऊ लागला आणि दोन्ही घाव लागोपाठ बसू लागले. समोरच्याला बचावाला उसंतच नाही. मोटार फोडायच्या बोनस फेरीची तपासणी करताना चमूतले नोरिताका फुनामिझु यांना हे जादा ठोसे दिसले. दोष म्हणून ते काढता आले असते, पण राहू दिले. आज लढतीच्या गेममध्ये ज्याला 'काँबो' म्हणतात, तो असा रुजला.

मला विचाराल तर आठ पात्रांपेक्षा ही सवलतच मोठी सुधारणा. सहा बटणं, हादोकेन, रियू, केन हे सगळं पहिल्यात होतंच. फक्त ते हाताचं ऐकत नव्हतं.

दोन्ही खेळायचे असतील तर

कॅपकॉमच्या २०१८ सालच्या 'स्ट्रीट फायटर थर्टिएथ ॲनिव्हर्सरी कलेक्शन'मधल्या १२ गेममध्ये हे दोन्ही आहेत. आधी पहिल्यात दहा मिनिटं हादोकेन फेकून बघा, मगच दुसरा सुरू करा.