कोडावर बावचीचे तेल लावताय? आधी हे वाचा

अंगावर पांढरा डाग दिसला की कुणीतरी हमखास सांगते, 'बावचीचे तेल लाव आणि उन्हात बस. झाडपाल्याचे औषध आहे, गुण नाही आला तरी अपाय होणार नाही.' यातील पहिल्या सल्ल्याला आधार आहे. दुसरे वाक्य मात्र धोक्याचे आहे.

बावची काम कशी करते?

कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात. बावचीच्या बियांमध्ये सोरालेन नावाचे द्रव्य असते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पडले की ते सक्रिय होते. मग केसांच्या मुळाशी शिल्लक असलेल्या रंगपेशी वाढून डागात पसरू लागतात. म्हणूनच रंग परतताना आधी केसांभोवती छोटे ठिपके दिसतात. ओठ, बोटांची टोके किंवा पांढरे केस असलेला डाग यांवर गुण कमी येतो.

याच गटातील औषधे त्वचारोगतज्ज्ञही वापरतात, पण औषध आणि प्रकाश दोन्हींची मात्रा ठरवून.

धोका कुठे आहे?

घरी वापरताना तेलात सोरालेन किती आहे हे कळत नाही आणि ऊनही रोज सारखे नसते. शिवाय भाजल्याची लाली लगेच दिसत नाही, ती दोन-तीन दिवसांनी वाढते. 'आज काही झाले नाही' म्हणून उद्या जास्त वेळ बसलात, तर मोठे फोड येऊ शकतात. कोडाच्या रुग्णात भाजलेल्या जागी नवा डागही उठू शकतो.

बावचीचे चूर्ण पोटात घेतल्याने यकृताला इजा झाल्याचीही उदाहरणे आहेत. डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, भूक मरणे, यांपैकी काही जाणवले तर चूर्ण लगेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

तुम्ही काय करावे?

• आधी निदान करून घ्या. प्रत्येक पांढरट डाग कोड नसतो. शिबे किंवा कुष्ठरोगातही फिकट डाग येतात. डागावर स्पर्श कमी कळत असेल तर तपासणी लांबवू नका.
• तेल आधीपासून लावत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, बाटली सोबत न्या. इतर औषधे सुरू असतील तर तीही दाखवा. काही औषधांमुळे त्वचेला ऊन अधिक बाधते.
• गरोदर आणि स्तनदा माता, लहान मुले, यकृताचे किंवा उन्हाने वाढणारे आजार असलेले रुग्ण यांनी हा उपचार स्वतःहून करू नये.
• फोड आले तर तेल बंद करा, ती जागा उन्हापासून झाका, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा. फोड फोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आज अनेक रुग्णांना नॅरोबँड यूव्हीबी हा प्रकाशोपचार दिला जातो. त्यात सोरालेन लागत नाही. कोणताही मार्ग निवडला तरी रंग परतायला काही महिने लागतात. ते महिने धीराने काढा, जास्त ऊन घेऊन ते कमी होत नाहीत.