कालनोंदींचे रूपांतरण
स्वयंचलित उपकरणाने धारिकेत नोंदलेल्या वेळा संगणकीय तक्त्यात घेऊन त्यांना दिनांक व स्थानिक वेळ यांचे रूप देण्याची प्रक्रिया. पर्जन्यमापनात तिला विशेष महत्त्व आहे.

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या रत्नागिरीसारख्या वेधशाळांत सकाळी ८·३० वाजता संपणाऱ्या २४ तासांचा पाऊस त्या दिनांकाचा मानतात. उपकरणे मात्र पुष्कळदा १ जानेवारी १९७० च्या जागतिक मध्यरात्रीपासूनचे सेकंद नोंदतात. तक्ता दिवस मोजतो. म्हणून सेकंदांना ८६,४०० ने भागून त्यात २५,५६९ (१ जानेवारी १९७० चा तक्त्यातील सर्वसाधारण दिवसक्रमांक) मिळवितात. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे असल्याने आणखी ५·५/२४ मिळवावे लागतात.

उदा., १,७१,९८,१०,००० या नोंदीचे उत्तर ४५,४७४·४३७५, म्हणजे १ जुलै २०२४, सकाळी १०·३० असे येते. त्या वेळचा पाऊस २ जुलैच्या खाती पडतो. शेवटची बेरीज राहिल्यास वेळ ५·०० दिसते आणि तोच पाऊस १ जुलैच्या खाती जातो. पावसाची बेरीज तीच राहते. परंतु अतिवृष्टीचा दिवस बदलू शकतो. यासाठी सेकंदांचा मूळ स्तंभ तक्त्यात जसाच्या तसा ठेवणे इष्ट ठरते.