ट्रॅक्टरच्या इंजिनातील तेल केव्हा बदलावे ?

विहिरीवरील डीझेल इंजिनांच्या काळापासून इंजिनातील तेल वेळोवेळी बदलावे लागते, हे महाराष्ट्रातील शेतकऱ्यास ठाऊक आहे. परंतु ते नेमके केव्हा बदलावे, याविषयी गावोगाव दोन टोकांची मते आढळतात. तेल काळे पडले म्हणजे निकामी झाले, असे समजून काहीजण चांगले तेल काढून टाकतात. तर बोटांना अजून चिकट लागते, म्हणून काहीजण तेच तेल एका हंगामातून दुसऱ्या हंगामापर्यंत चालवितात. या दोन्ही परीक्षा फसव्या आहेत. डीझेलच्या ज्वलनातून निघणारी काजळी तेलात मिसळत असल्यामुळे नवे तेलसुद्धा थोड्याच तासांत काळे होते. किंबहुना, काजळी इंजिनाच्या भागांवर बसू न देता आपल्यात तरंगत ठेवणे हे चांगल्या तेलाचे कामच होय. उलटपक्षी, बोटांना जाणवणारा चिकटपणा तेलातील आम्ल, पाणी व बारीक धूळ यांविषयी काहीच सांगत नाही.

अलीकडे या प्रश्नास अधिक महत्त्व आले आहे. अनेक ट्रॅक्टरांच्या पुस्तिकांत तेल बदलण्याचे अंतर २५० तास दिलेले असते. काही नव्या ट्रॅक्टरांच्या बाबतीत, ठरावीक प्रतीचे तेल वापरल्यास, ते ४०० ते ५०० तासांपर्यंत वाढविलेले आढळते. तेलाची प्रत सुधारली हे याचे एक कारण आहे. डीझेलमधील गंधक घटले हेही तेलाच्या पथ्यावर पडले आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या भारत स्टेज ६ प्रतीच्या डीझेलमध्ये दशलक्ष भागांत जास्तीत जास्त १० भाग गंधक असते. गंधक जळून आम्ल तयार होते, आणि त्या आम्लाचा बंदोबस्त तेलाला करावा लागतो. तो भार आता हलका झाला आहे. तेव्हा “हे तेल जास्त चालते” असे दुकानदार म्हणतो ते अगदीच खोटे नसते. पण ते कोणत्या इंजिनात व कोणत्या धुळीत, हे त्याला माहीत नसते.

वंगण तेल जुने होते म्हणजे काय होते, हे प्रथम समजून घ्यावे. मूळ तेलात काही पूरक द्रव्ये मिसळलेली असतात. त्यांपैकी काही आम्ल मारतात, काही काजळी विखुरलेली ठेवतात, तर जस्तयुक्त पूरके धातूवर पातळ थर धरून झीज कमी करतात. ही द्रव्ये कामात खर्च होत जातात. शिवाय उष्णता व हवा यांच्या योगाने तेल घट्ट होते, आणि गळक्या इंजेक्टरमधून डीझेल उतरल्यास ते पातळ होते. तेल न घालताही पट्टीवरील पातळी वाढलेली दिसली, तर ती आनंदाची गोष्ट नसून डीझेल किंवा पाणी आत शिरत असल्याची खूण आहे, हे चालकास आवर्जून सांगावे.

या सर्वांपेक्षा शेतातील इंजिनाचा मोठा शत्रू म्हणजे धूळ. उन्हाळ्यातील नांगरट, रोटाव्हेटर आणि मळणी या कामांत ट्रॅक्टर तासन् तास धुळीच्या लोटात चालतो. एअर क्लीनरच्या रबरी नळीला बारीकशी चीर असली किंवा तिचा पट्टा सैल असला, तरी गाळल्याविना हवा आत जाते आणि मातीतील सिलिका सिलिंडर, पिस्टन व रिंगा यांना घासते. असे झाल्यावर कितीही महाग तेल घातले तरी उपयोग होत नाही. कोरड्या एअर क्लीनरचा कागदी फिल्टर टायरवर आपटून साफ करण्याची रीत सर्वत्र दिसते. तिने कागद फाटतो, आणि फाटलेला फिल्टर नसल्यासारखाच असतो. तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर असल्यास मळणीच्या दिवसांत ती वाटी रोज उघडून पाहावी.

तेलाची खरी स्थिती प्रयोगशाळेत कळते. अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या रेल्वेने १९४६ च्या सुमारास डीझेल इंजिनांतील वापरलेल्या तेलात कोणते धातू किती आहेत हे वर्णपट पद्धतीने तपासून, इंजिन उघडण्यापूर्वीच त्यातील बिघाड ओळखण्यास आरंभ केला. भारतीय रेल्वेच्या डीझेल शेडांतूनही ही तपासणी रुळली. तीच पद्धत ट्रॅक्टरला लागू पडते. तेलातील लोखंड मुख्यतः सिलिंडर व क्रँकशाफ्ट यांच्या झिजेतून येते, अॅल्युमिनियम पिस्टनमधून, क्रोमियम रिंगांमधून, तर शिसे व तांबे बेअरिंग आणि बुश यांतून. सिलिकॉन वाढले व त्याबरोबर लोखंड, अॅल्युमिनियमही वाढले, तर धूळ आत जात आहे असे समजावे. नुसते सिलिकॉन वाढल्यास मात्र नव्याने लावलेल्या सीलंटमुळेही तसे होऊ शकते. सोडियम वाढणे हे रेडिएटरमधील कूलंट तेलात उतरल्याचे लक्षण असू शकते.

याखेरीज तेलाचा घट्टपणा व क्षारांक मोजतात. १५डब्ल्यू-४० हे तेल १००° सेल्सिअस तापमानाला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या मर्यादेत असावे लागते. क्षारांक म्हणजे आम्ल मारण्याची शिल्लक शक्ती. ती नव्या तेलाच्या निम्म्यावर आली की तेल बदलावे, असा साधारण संकेत आहे.

एका अहवालावरून निर्णय घेऊ नये. समजा, २५० तासांनी लोखंड ३० भाग निघाले व पुढील खेपेस ४०० तासांनी ४८ भाग निघाले. आकडा वाढला तरी दर १०० तासांस झीज १२ भागच आहे, म्हणजे काळजीचे कारण नाही. तेच ९० भाग निघाले असते, तर झिजेचा वेग जवळजवळ दुप्पट झाला असता, आणि अंतर वाढविण्याऐवजी कारण शोधावे लागले असते. या तपासणीत धातूचे फार बारीक कणच मोजले जातात. मोठे तुकडे निसटतात. म्हणून काढलेला ऑईल फिल्टर कापून त्यात चकाकणारे कण आहेत काय, हेही पाहावे.

आता हिशेब पाहू. चेंबरमध्ये ८ लिटर तेल बसणारा ट्रॅक्टर वर्षास १,००० तास चालत असेल, तर २५० तासांच्या अंतराने ३२ लिटर तेल लागते व ४०० तासांच्या अंतराने २० लिटर. बचत १२ लिटरची झाली. तीतून प्रत्येक खेपेच्या तपासणीचा खर्च वजा जातो. ज्याचा ट्रॅक्टर वर्षास ३०० ते ४०० तासच चालतो, त्या शेतकऱ्यास या मार्गाने फारसे काही मिळणार नाही. त्याने पुस्तिकेतील अंतर पाळावे, आणि तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा तेल बदलावे, कारण उभ्या इंजिनातही ओलावा साचतो. तपासणीचा खरा लाभ भाड्याने अवजारे देणारी केंद्रे, हार्वेस्टरचे मालक व सहकारी संस्था यांना आहे. त्यांतही तेलाच्या बचतीपेक्षा इंजिनाचा बिघाड वेळेवर कळणे हा लाभ मोठा. कर्जावर घेतलेल्या ट्रॅक्टरचे इंजिन ऐन पेरणीत उघडावे लागले, तर हप्ता व हंगाम दोन्ही हातचे जातात. अंतर वाढवावयाचे झाल्यास एकदम दुप्पट न करता ५०-५० तासांनी व प्रत्येक वेळी नमुना तपासूनच वाढवावे. वॉरंटीच्या मुदतीत तर पुस्तिकेबाहेर जाऊच नये.

नमुना घेण्यात हयगय झाल्यास तपासणी व्यर्थ जाते. इंजिन चांगले गरम झाल्यावर बंद करून चेंबरचा नट सोडावा, पहिली धार जाऊ द्यावी व मधल्या धारेतील तेल कोरड्या, स्वच्छ बाटलीत घ्यावे. कीटकनाशकाची रिकामी बाटली धुऊनसुद्धा वापरू नये. बाटलीवर तेलाचे नाव, त्या तेलावर झालेले तास, इंजिनाचे एकूण तास आणि मध्यंतरी वरून किती तेल घातले, हे लिहावे. वरून घातलेल्या तेलाने झिजेचे आकडे खाली दिसतात, म्हणून ही शेवटची नोंद विशेष महत्त्वाची आहे. तासांचे मीटर बंद असल्यास डीझेलच्या नोंदीवरून काम भागते: ताशी ४ लिटर डीझेल जाळणाऱ्या ट्रॅक्टरचे २५० तास म्हणजे १,००० लिटर.

प्रयोगशाळा दूर असल्यास दोन परीक्षा गावात करता येतात. गरम तेलाचा एक थेंब टिपकागदावर सोडून रात्रभर आडवा ठेवावा. काळा रंग मध्यापासून कडेकडे फिका होत पसरला, तर तेलात काजळी विखुरण्याची शक्ती आहे. मध्ये दाट काळा, ठसठशीत कडेचा डाग राहून बाहेर निव्वळ तेलकट कडे दिसले, तर तेल बदलावे. दुसरी परीक्षा पाण्याची. स्वयंपाकात न वापरावयाच्या जुन्या तव्यावर, तो तापवून विस्तवावरून उतरविल्यावर, तेलाचा एक थेंब टाकावा. तो तडतडला तर तेलात पाणी आहे. चेहरा दूर ठेवावा व डोळ्यांवर चष्मा असावा. या परीक्षांनी वाईट तेल ओळखता येते, पण त्यांच्या भरवशावर अंतर मात्र वाढवू नये. आम्ल व धातूंची झीज त्यांत दिसत नाही.

काढलेले तेल विहिरीजवळ, बांधावर किंवा ओढ्यात ओतू नये. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. ते झाकणाच्या डब्यात, पाणी न मिसळता साठवावे व अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे पाठविणाऱ्या सर्व्हिस केंद्राच्या स्वाधीन करावे.