गर्भवतीच्या अँटिऑक्सिडंट गोळ्या आणि अपत्याचे चयापचय

मधुमेह आणि लठ्ठपणा यांची बीजे काही अंशी गर्भावस्थेतच पडतात, हा विचार ब्रिटिश संशोधक डेव्हिड बार्कर यांच्या जन्मवजनाविषयीच्या अभ्यासामुळे वैद्यकात रुजला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला महत्त्वाची जोड दिली. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालके इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांपेक्षा सरासरी सुमारे ८०० ग्रॅमने हलकी असली, तरी त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती, असे त्यांना आढळले.

गर्भातील जडणघडणीचा असा दीर्घकालीन परिणाम कसा होतो, याचे एक स्पष्टीकरण ऑक्सिडीकरणाच्या ताणातून दिले जाते. पेशींतील तंतुकणिका अन्नापासून ऊर्जा मिळवत असताना ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तयार होतात, आणि ते निकामी करण्याच्या शरीराच्या क्षमतेपेक्षा त्यांची निर्मिती वाढली की हा ताण उत्पन्न होतो; लठ्ठपणा किंवा मधुमेह असलेल्या मातेत तो अधिक असतो. इन्शुलिन स्रवणाऱ्या स्वादुपिंडातील पेशींत संरक्षक विकरे मुळातच कमी असल्याने त्यांना त्याची झळ लवकर लागते. अमेरिकेतील सेन आणि सिमन्स यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्निग्ध आहारावरील उंदरिणींना असे रेणू निकामी करण्यास मदत करणारी अँटिऑक्सिडंट द्रव्ये, म्हणजे अ, क आणि ई जीवनसत्त्वे व सेलेनियम, दिली असता त्यांच्या पिल्लांतील चरबी घटली आणि साखर पचवण्याची क्षमता सुधारली.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र गोळ्यांनी एवढे यश दिलेले नाही. गर्भारपणात रक्तदाब वाढून माता व गर्भ या दोघांनाही धोका निर्माण करणारा प्री-एक्लॅम्पसिया हा विकार टाळण्यासाठी ब्रिटनमध्ये सुमारे २,४०० जोखमीच्या गर्भवतींवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज १,००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४०० एकक ई जीवनसत्त्व देऊनही विकार कमी झाला नाही, उलट कमी वजनाच्या बालकांचे प्रमाण २४ वरून २८ टक्क्यांवर गेले. हेच क्रियाशील रेणू अल्प प्रमाणात पेशींमधील संदेशवहनही करतात, त्यामुळे त्यांचा सरसकट नायनाट हितकारक ठरेल असे मानणे धाडसाचे आहे. शिवाय अ जीवनसत्त्वाच्या रेटिनॉल या रूपाची मोठी मात्रा गर्भात व्यंग निर्माण करू शकते. डॉक्टरांनी दिलेल्या लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्यांना ही शंका लागू होत नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

अधिक आशादायक वाट मुंबईतील झोपडवस्त्यांत झालेल्या प्रयोगात दिसते. तेथे गर्भधारणेपूर्वीपासून स्त्रियांना पालेभाज्या, फळे व दूध यांपासून बनवलेला खाऊ रोज देण्यात आला, तर तुलनेच्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या कमी पोषक भाज्यांचा. सर्व बालकांचा एकत्र विचार करता जन्मवजनात लक्षणीय फरक पडला नाही, परंतु गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाण तुलनेच्या गटात १२.४ टक्के असताना पोषक खाऊच्या गटात ते ७.३ टक्के होते. आणि मातेची वाढलेली साखर वारेतून थेट गर्भापर्यंत पोहोचत असल्याने ही घट अपत्याच्या दृष्टीनेही मोलाची आहे.