‘माझ्याकडे तर चालतंय!’ : अधूनमधून तुटणाऱ्या सर्व्हरची गोष्ट

हे आपल्या भागाचं लिखित रूप. बोलताना मी कमांड जशा उच्चारल्या तशाच इथे ठेवल्यात, त्यामुळे ‘डॅश’, ‘अंडरस्कोर’ असं दिसलं तर दचकू नका.

पूर्ण बंद पडलेला सर्व्हर हा तसा सोपा रुग्ण. काय झालंय ते उघड दिसतं. डोकं फिरवतो तो अधूनमधून बंद पडणारा. आपण बघायला गेलो की शहाण्यासारखा वागतो, पाठ फिरवली की पुन्हा तेच. त्यात मशीन दुसऱ्या गावात असेल तर तिथल्या वायरीला हातही लावता येत नाही. आज अशाच एका सर्व्हरची गोष्ट सांगतो. यात चूक कोणाची होती तेही शेवटी सांगतो.

2019 चा पावसाळा, डेंग्यूचे दिवस. तालुक्याच्या गावातली एक पॅथॉलॉजी लॅब, त्यांचा सर्व्हर मुंबईत भाड्याने घेतलेला आणि तो सांभाळणारा मी पुण्यात. लॅबमध्ये सहा अँड्रॉइड टॅब्लेट आणि दोन विंडोजचे कॉम्प्युटर, सगळे एकाच ब्रॉडबँड राउटरवर. रक्त घेतलं की ट्यूबवरचा बारकोड टॅब्लेटवर स्कॅन करायचा, पेशंटचं नाव सर्व्हरवर चढतं. सकाळी आठ ते अकरा या गर्दीत टॅब्लेट मध्येच अडकायचे. गोल चक्र फिरत राहायचं. मग तिथल्या ताई वहीत नंबर लिहून ठेवायच्या आणि दुपारी चढवायच्या.

एका दुपारी एकाच आडनावाच्या दोन पेशंटचे नंबर असे चढवताना उलटे लागले. एकाचे प्लेटलेट 32 हजार, दुसऱ्याचे दोन लाखांच्या वर. ज्याला दवाखान्यात भरती करायला हवं होतं त्याच्या नावावर ठणठणीत रिपोर्ट तयार झाला होता. छापण्याआधी ताईंनी वही पुन्हा पडताळली म्हणून निभावलं. त्यांचा फोन आला तेव्हा आवाज थरथरत होता. "दादा, तुम्ही दर वेळी सगळं ठीक आहे म्हणता. इथे येऊन बघा एकदा."

आणि खरंच, मी दर वेळी तेच म्हणत होतो. रात्रभर पिंग लावून ठेवला होता, एकही पॅकेट हरवलं नव्हतं. माझं एसएसएच सेशन तासन्‌तास टिकत होतं. सर्व्हरवर लोड नाही, डिस्क रिकामी, लॉग स्वच्छ. ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य मी किमान चार वेळा बोललो असेन. वर सल्लाही द्यायचो: टॅब्लेट रीस्टार्ट करून बघा.

त्या फोननंतर मी सर्व्हरला हात लावणं थांबवलं. ताईंना म्हटलं, तीन दिवस फक्त लिहून ठेवा: किती वाजता, कोणता टॅब्लेट, किती सेकंद अडकला, आणि त्या क्षणी बाकीचे चालू होते का. नेटवर्कच्या कामात वहीला कमी लेखणारे खूप आहेत, मीही त्यातलाच होतो. तीन दिवसांनी त्या पानांचे फोटो आले आणि त्यात मला महिनाभरात न दिसलेल्या चार गोष्टी होत्या. दोन्ही विंडोज कॉम्प्युटर एकदाही अडकले नव्हते. चार नंबरचा टॅब्लेट, जो कायम चार्जरला लावलेला असायचा आणि कधीच बंद होत नसे, तोही जवळजवळ कधीच अडकला नव्हता. नुकताच रीस्टार्ट केलेला टॅब्लेट सगळ्यात जास्त अडकायचा. आणि संध्याकाळी ताई एकट्या काम करत असताना काहीच व्हायचं नाही.

तिसरी नोंद वाचून मला घाम फुटला. म्हणजे माझ्या सल्ल्याने रोग वाढत होता.

अडकण्याचे सेकंदही बोलके होते. बऱ्याच नोंदी 7, 15 आणि 31 च्या आसपास. हे आकडे पाठ करून ठेवा. टीसीपीची जोडणी तीन पावलांत होते: टॅब्लेट ‘सिन’ पाठवतो, सर्व्हर ‘सिन-ॲक’ देतो, टॅब्लेट ‘ॲक’ देतो. पहिल्या सिनला उत्तर आलं नाही तर लिनक्स, आणि म्हणून अँड्रॉइडही, 1 सेकंदाने पुन्हा पाठवतो, मग 2 सेकंद थांबून, मग 4, 8, 16. सुरुवातीपासून मोजलं तर 1, 3, 7, 15, 31. पान या सेकंदांच्या आसपास उघडत असेल तर जोडणीची पहिलीच हाक वाया जातेय असा दाट संशय घ्यायचा. वेग कमी असणं ही वेगळी तक्रार. जोडणी लगेच होते पण मोठी फाइल किंवा लांबलचक पान आलं की गाडी अडकते, हीसुद्धा वेगळी, तिथे आधी एमटीयू तपासायचा. त्यावर वेगळा भाग करावा लागेल.

मग प्रश्न एवढाच उरला की हाक हरवते कुठे. वाटेत, की सर्व्हरच्या दारात? हे ठरवायला दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हरवर टीसीपीडम्प लावला. लॅबचा बाहेरचा आयपी पत्ता आणि पोर्ट 443, एवढाच फिल्टर. फिल्टर न लावता दूरच्या मशीनवर टीसीपीडम्प चालवलात तर तुमच्याच एसएसएचची पॅकेटं पडद्यावर धो धो कोसळतात. सव्वानऊला ताई फोनवर म्हणाल्या, "दादा, आत्ता दोन नंबर अडकला." माझ्या पडद्यावर सिन आलेला स्वच्छ दिसत होता. सेकंदाने पुन्हा आला. मग पुन्हा. सर्व्हर ढिम्म. ना उत्तर, ना नकार.

म्हणजे ब्रॉडबँडवाला निर्दोष. राउटर निर्दोष. त्या बिचाऱ्या राउटरच्या नावाने आम्ही महिनाभर खडे फोडले होते.

पॅकेट दारात येतं पण सर्व्हर ते गिळतो, अशा वेळी कर्नलचे मोजणी-आकडे बघायचे. नेटस्टॅट डॅश एस. भली मोठी यादी येते. ती दोनदा घ्यायची, पाच मिनिटांच्या अंतराने, आणि काय वाढलं तेवढंच बघायचं. वाढत होती एकच संशयास्पद ओळ. तिचा अर्थ: टाइमस्टँपमुळे नाकारलेल्या, बाहेरून आलेल्या जोडण्या. ताई ‘अडकला’ म्हणाल्या की तो आकडा पुढे सरकायचा.

आता गंमत समजून घ्या. टीसीपीच्या पॅकेटवर एक टाइमस्टँप असू शकतो, 1992 सालच्या आरएफसी 1323 पासून. तो घड्याळातली वेळ नसतो, नुसता वाढत जाणारा आकडा. त्या काळातल्या टॅब्लेटमधल्या लिनक्स कर्नलमध्ये तो मशीन चालू झाल्यापासून वाढायचा. सर्व्हरवर सेंटओएस 7 होतं, कर्नल 3.10, आणि त्यात एक सेटिंग चालू केलेलं: टीसीपी अंडरस्कोर टीडब्ल्यू अंडरस्कोर रीसायकल. हे चालू असलं की सर्व्हर प्रत्येक आयपी पत्त्याचा शेवटचा टाइमस्टँप लक्षात ठेवतो आणि पुढचा मिनिटभर त्याच पत्त्यावरून त्यापेक्षा लहान आकडा घेऊन आलेली नवी हाक जुनी समजून टाकून देतो. मुकाट्याने.

बँकेच्या खिडकीवरच्या कॅशियरसारखं. त्याला वाटतं एका घरातून एकच माणूस येतो. सकाळी त्या घरातून 500 नंबरचं टोकन आलं. मागून त्याच घरातला धाकटा 40 नंबर घेऊन आला, तर कॅशियर मान वर करूनही बघत नाही. इथे घर म्हणजे राउटर. आतले आठही जण बाहेरून एकाच पत्त्याचे दिसतात, पण प्रत्येकाचं टोकन वेगळं.

वहीतल्या सगळ्या नोंदी मग एकेक करून जागेवर बसल्या. चार नंबरचा टॅब्लेट कधी बंदच होत नसे, त्याचा आकडा सगळ्यात मोठा, म्हणून तो सुटायचा. रीस्टार्ट केलेल्याचा आकडा शून्याजवळ, म्हणून तो मार खायचा. विंडोज कॉम्प्युटर स्वतःहून जोडणी करताना टाइमस्टँप पाठवतच नव्हते, त्यांना ही तपासणी लागूच नव्हती. एकट्या माणसाला त्रास नाही, कारण तुलना करायला दुसरा कोणी नाही. आणि माझा पिंग? पिंग आयसीएमपीवर चालतो, टीसीपीशी त्याचा संबंधच नाही. एसएसएच सेशन तर आधीच जोडलेलं, आणि माझा पत्ताही वेगळा.

उपाय एका ओळीचा होता. सिस्कंट्रोलने ते सेटिंग शून्य केलं, रीस्टार्टची गरज नाही. कायमचं व्हावं म्हणून सिस्कंट्रोलच्या फाइलमधूनही ती ओळ काढली. दूरच्या मशीनवर काम करताना माझा नेम असा की आधी चालू मशीनवर बदल, परिणाम बघायचा, आणि मगच फाइल. भलतंच काही बिघडलं तर निदान रीबूटने जुनी स्थिती परत येते. आकडा तिथेच थांबला. ताईंना सांगितलं, सगळे टॅब्लेट मुद्दाम रीस्टार्ट करा आणि एकदम वापरा. एकही अडकला नाही.

ती ओळ तिथे टाकली कोणी? मीच. दोन वर्षांपूर्वी ‘सर्व्हर वेगवान करा’ छापाच्या एका लेखातून दहा-बारा ओळी उचलून चिकटवल्या होत्या, न वाचता. तेव्हा लॅबमध्ये एकच टॅब्लेट होता, म्हणून काही बिघडलं नाही. ताईंना हे जसंच्या तसं सांगितलं. त्या क्षणभर गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "बरं. पण वही मी बंद करणार नाही." अजून चालू आहे म्हणे.

लिनक्सवाल्यांनी हे सेटिंग 2017 मध्ये, कर्नल 4.12 पासून काढूनच टाकलं. त्यामुळे आजच्या मशीनवर हा रोग होणार नाही. पण नव्या सर्व्हरवर सिस्कंट्रोल लागू करताना ‘टीडब्ल्यू रीसायकल नावाची फाइल सापडत नाही’ अशी तक्रार दिसली, तर ती निरुपद्रवी म्हणून सोडू नका. जुन्या मशीनवरून कोणीतरी तो अख्खा गठ्ठा तसाच उचलून आणलाय. ही एक ओळ मेली असली तरी तिच्या वरच्या-खालच्या ओळी जिवंत आहेत. त्या एकेक करून वाचा, आणि जिचं कारण सांगता येत नाही ती काढा. मी माझ्या फाइलमधून अशा सात काढल्या.