गोंडांच्या नावाचा दगड
(विज्ञानाचा इतिहास लिहिताना : लेखांक ३)

विज्ञानाचा इतिहास लिहायचा म्हटलं की बहुतेक जण गॅलिलिओपासून सुरुवात करतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या लेखाला दमतात. ज्या दुर्बिणीला कधी हात लावला नाही, तिच्याबद्दल सांगणार तरी किती? पहिला लेख हाताला लागेल अशा वस्तूवर लिहावा, असं माझं ठाम मत आहे. भंडारा जिल्ह्यातल्या माणसासाठी ती वस्तू तुमसर तालुक्यात पडलेली आहे.

तुमसर रोडहून तिरोडीची गाडी धरा. गोबरवाही, चिखला, डोंगरी बुजुर्ग हा सगळा मँगनीजचा पट्टा. इथला काळा खडा उचलला की आधी त्याचं वजन जाणवतं, मग बोटांना काजळी लागते. त्याच्या सोबतीला सापडणारा एक खडक मात्र भिंगाखाली धरून बघा. गारेच्या पांढुरक्या कणांमध्ये तपकिरी-नारिंगी दाणे दिसतात. हे मँगनीज असलेलं गार्नेट, म्हणजे स्पेसर्टिन. गार आणि स्पेसर्टिन मिळून झालेल्या या खडकाला जगभरचे भूशास्त्रज्ञ ‘गोंडाइट’ म्हणतात.

हे नाव दिलं लुईस ली फर्मोर यांनी. १९०२ साली, वयाच्या बाविशीत, ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आले आणि मध्य प्रांतातल्या मँगनीजच्या मागे लागले. त्यांचा ग्रंथ १९०९ साली निघाला, बाराशेहून जास्त पानांचा. पुरातन काळी पाण्याखाली साचलेली मँगनीजयुक्त माती आणि वाळू पुढे जमिनीच्या पोटात दाबली गेली, तापली आणि तिचा हा खडक झाला, अशी त्यांची मांडणी. खडकाला नाव देताना त्यांनी या मुलखातल्या गोंड लोकांचं नाव घेतलं. मला याचं फार अप्रूप वाटतं. ब्राझील किंवा आफ्रिकेतला तसाच खडक तपासणारा माणूसही नकळत गोंडांचं नाव घेतो!

इथून धागा लांबवर जातो, पण आता तो आपल्या हातात असतो. स्वीडनच्या योहान गान यांनी १७७४ साली मँगनीज धातू वेगळा केला. पुढे बेसेमरच्या पद्धतीने पोलाद ओतायला लागले तेव्हा ते ठिसूळ निघे. मँगनीज मिसळल्यावर ते सुधारलं. फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ साली आणलेल्या विद्युतघटात मँगनीज डायऑक्साइड होतं. लहानपणी आम्ही संपलेला सेल दगडाने फोडायचो. मधल्या कांडीभोवतीची काळी भुकटी हातांना लागली की साबणानेही लवकर निघत नसे. ती हीच. डोंगरी बुजुर्गच्या खनिजात हे डायऑक्साइड भरपूर असल्यामुळे ते सेलच्या कामी येतं.

लिहायला बसाल तेव्हा एक वही घ्या. डाव्या पानावर छापील पुरावा : साल, ग्रंथ, पान. उजवं पान खाणीत हयात घालवलेल्या माणसांसाठी ठेवा. कमी-जास्त प्रतीच्या खनिजाला ते काय म्हणायचे, नजरेने आणि हाताने प्रत कशी ओळखायचे, हे त्यांच्याच शब्दांत उतरवा, तारीख घाला, सांगणाऱ्याची परवानगी घ्या. दोन्ही पानं जुळत नसतील तर बळेच जुळवू नका. लेख तिथूनच सुरू करा. छापील पान आणखी शंभर वर्षांनीही सापडेल. उजव्या पानासाठी ज्यांच्याकडे जायचं, ते आज सत्तरी-ऐंशीचे आहेत.

पुढच्या आठवड्यात कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांच्या पाळीवर जाऊ.